पन्नास सह्यांचा माणूस

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक उघडे गटार आहे. उन्हाळ्यात ते नुसते वास मारते. पावसाळ्यात मात्र भरून रस्त्यावर येते, आणि मग गल्लीतील शाळकरी मुले चपला हातात घेऊन विटांवरून उड्या मारीत पलीकडे जातात. मी एफ. वाय. ला होते त्या वर्षी वर्गात नागरिकांच्या हक्कांवर आणि कर्तव्यांवर तास झाला. घरी परतताना माझाच पाय त्या गटारात गेला. त्या संध्याकाळी मी तावातावाने नगरपालिकेच्या नावाने एक अर्ज लिहिला. गटारावर झाकणे बसवावीत, एवढीच मागणी होती. खाली गल्लीतील रहिवाशांच्या सह्या हव्या होत्या.

पहिल्या दिवशी एकोणीस सह्या मिळाल्या. दुसऱ्या दिवशी पाऊस होता. तिसऱ्या दिवशी चाचणी परीक्षा होती. चौथ्या दिवशी जे केले ते लिहिताना आजही संकोच वाटतो. मी घरी दार लोटून बसले, तीन निरनिराळ्या शाईंची पेने घेतली आणि उरलेल्या सह्या स्वतःच केल्या. काही उजव्या हाताने, काही डाव्या. आकडा एकसष्टवर नेऊन ठेवला. कारण काम तर सर्वांच्याच हिताचे होते! विचारले असते तर सगळ्यांनी हो म्हटलेच असते, असे मी मनाशी धरून चालले होते.

अर्ज दिला, शिक्का मारून मिळाला, पुढे काही झाले नाही. म्हणजे गटाराचे काही झाले नाही. माझे झाले. महिन्याभराने कोपऱ्यावरच्या आजींनी मला दारात थांबवले. अर्जात आपले नाव आहे हे त्यांना कोठून तरी कळले होते. त्यांना सही येत नाही, त्या अंगठा करतात. त्यांच्या न्हाणीघराचे पाणी त्याच गटारात पडते. वरून फरशी बसली तर ते पाणी उलटे घरात येईल ही त्यांची भीती होती. त्यांना झाकण नकोच होते. त्यांच्या वतीने बोलायला मला कोणी सांगितले, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला आणि आत निघून गेल्या. ओरडल्या असत्या तर बरे झाले असते.

पुढच्या वर्षी निबंधस्पर्धेसाठी ग्रंथालयात पुस्तके चाळताना गणेश वासुदेव जोशी या गृहस्थांची गाठ पडली. ‘सार्वजनिक काका’ हे नाव आपण सर्वांनीच शाळेत पाठ केलेले असते. पुणे सार्वजनिक सभा, १८७०, रिकाम्या जागा भरा, दोन गुण. त्यापलीकडे मला काही ठाऊक नव्हते. पण त्यांनी सभेसाठी घातलेली एक अट वाचली आणि मला कोपऱ्यावरच्या आजी आठवल्या. त्या अटीपाशी मी येतेच; आधी माणूस.

काकांचा जन्म साताऱ्याचा, १८२८ सालचा. तेव्हा साताऱ्याला छत्रपतींची गादी होती. काका वीस वर्षांचे झाले त्याच साली, १८४८ मध्ये, डलहौसीने ते राज्य खालसा केले. डोळ्यांदेखत एक राज्य कागदाच्या एका तुकड्याने संपलेले ज्याने ऐन उमेदीत पाहिले, त्याला कागदाचे सामर्थ्य निराळे सांगावे लागत नसावे. पुढे ते पुण्यात आले, काही काळ सरकारी कचेरीत नोकरी केली, मग कायद्याचा अभ्यास करून वकिली सुरू केली. वकिली चांगली चालली. घर बरे होते, मान होता. इथपर्यंतचे आयुष्य त्या काळच्या शेकडो पुणेकर वकिलांसारखेच आहे.

वळण लागले ते पर्वतीच्या देवस्थानामुळे. नानासाहेब पेशव्यांनी बांधलेल्या या देवस्थानाला सरकारातून वर्षासन होते. १८६३ च्या कायद्याने सरकारने देवळांच्या कारभारातून अंग काढून घेतले आणि तो पंचांकडे सोपवला. पर्वतीच्या पंचांच्या कारभाराबद्दल गावात कुरबूर सुरू झाली. कुरबूर करण्यात पुणे तेव्हाही मागे नव्हते! पण ओट्यावरची कुरबूर सरकारदरबारी न्यायची कशी? कोणी न्यायची? एखादा शहाणा माणूस अर्ज घेऊन गेलाच तर साहेब पहिला प्रश्न करणार, की तुम्ही कोण, आणि कोणाच्या तर्फे आलात. एका देवळाच्या हिशेबाने निघालेला हा प्रश्न देवळापुरता राहिला नाही. गावाची गाऱ्हाणी मांडणारी एक कायमची संस्था हवी असा विचार पुढे आला आणि २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. अध्यक्षपद औंधच्या पंतप्रतिनिधींकडे गेले, सरदार-दरकदारांची नावे उपाध्यक्षांत आली. चिटणीस म्हणून राबायचे काम काकांनी घेतले.

आता ती अट. सभेचे सभासद होण्यासाठी वर्गणी पुरेशी नव्हती, विद्वत्ताही पुरेशी नव्हती. प्रत्येक सभासदाने निदान पन्नास प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणले पाहिजे, हा नियम होता. मुखत्यारपत्र हा शब्द कचेरीतला. मी अमक्याला माझ्या वतीने बोलण्याचा, वागण्याचा अधिकार देतो, असे लिहून देण्याचा हा दस्तऐवज. शेतीच्या दाव्यात, घराच्या खरेदीत असली पत्रे रोज होत. काकांच्या आयुष्यात तो रोजच्या भाजीभाकरीसारखा कागद होता. तोच त्यांनी उचलला आणि राजकारणात आणून ठेवला. सभा सुरू झाली तेव्हा पंचाण्णव सभासद होते आणि त्यांना मुखत्यारपत्रे देणारे लोक सुमारे ६,०००. भागाकार केला तर माणशी साठाच्या वर सह्या येतात. म्हणजे पन्नासची अट कशीबशी नव्हे, चांगली पुरी झालेली दिसते.

हे कोणत्या साली, हे ध्यानात घेतले पाहिजे. १८७० मध्ये पुण्याला नगरपालिका होती, पण तिचे सभासद सरकार नेमीत असे. मतपेटी कोणी पाहिली नव्हती. मुंबईच्या कायदेकौन्सिलात जे मूठभर देशी गृहस्थ बसत तेही गव्हर्नरच्या मर्जीने. प्रौढ मताधिकार घटनेने आपल्याला १९५० साली दिला आणि पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ मध्ये झाली; म्हणजे ऐंशी वर्षांचा अवकाश होता. अशा काळात एक वकील दारोदार फिरून माणसांना विचारीत होता, की यांनी तुमच्या वतीने बोललेले तुम्हाला चालेल का? आणि ज्याला चालेल त्याची सही घेत होता. कोणत्याही कायद्याने हे सांगितलेले नव्हते. सह्या नसत्या घेतल्या तर सभा बंद पडली नसती. मुंबईत, कलकत्त्यात बड्या लोकांच्या संघटना त्यावाचून चालतच होत्या.

आमच्या एका प्राध्यापकांशी बोलताना त्यांनी सुचवले, की ही अट सरकारला दाखवण्यासाठीही असेल. आमच्या मागे इतके लोक आहेत हे सांगता यावे म्हणून. असेलही. मला त्यात काही कमीपणा दिसत नाही. आकडा फुगवायला पेने पुरतात, हे मी अनुभवाने सांगते. काकांनी पेने वापरली नाहीत, पाय वापरले.

१८७१ मध्ये न्यायमूर्ती रानडे पुण्यात बदलून आले. तेव्हापासून सभेच्या कामाला जी खोली आली ती बहुतांशी रानड्यांच्या बुद्धीची. इतिहासाच्या पुस्तकांत श्रेयही तिकडेच जाते, आणि ते अन्यायाचे आहे असे मी म्हणणार नाही. पण रानडे सरकारी न्यायखात्यात होते. त्यांना पडद्याआड राहून सल्ला देता येई, मसुदे करता येत. चव्हाट्यावर उभे राहणे, गावोगाव फिरणे, कलेक्टरची नाराजी अंगावर घेणे हे ज्याला करता येई असा माणूस लागतो. तो काका होते. दोघांत वयाचे अंतर चौदा वर्षांचे. त्यात काका मोठे. वयाने मोठ्या माणसाने धाकट्याच्या बुद्धीपुढे आपली धावपळ आनंदाने ठेवावी, हे आपल्याकडे काही रोज घडत नाही.

शेतकऱ्यांच्या स्थितीची चौकशी सभेने हाती घेतली आणि १८७३ मध्ये तिचा अहवाल काढला. सारावाढ, कर्ज, सावकाराचे व्याज यांनी दख्खनचा कुणबी कसा पिचला आहे हे त्यात मांडले होते. दोनच वर्षांनी, १८७५ च्या मे महिन्यात, सुप्याला शेतकऱ्यांनी सावकारांची कागदपत्रे बाजारात आणून जाळली आणि दख्खनच्या दंग्यांना तोंड लागले. सरकारने मग चौकशीचे कमिशन नेमले. पार्लमेंटात हिंदुस्थानचे प्रतिनिधी घ्यावेत म्हणून हजारो सह्यांचा एक अर्ज सभेने विलायतेलाही धाडला. तो मान्य होणार नाही हे पाठवणाऱ्यांना ठाऊक नसेल असे नाही.

१८७२ च्या जानेवारीत काकांनी स्वदेशीचे व्रत घेतले. हाताने कातलेल्या सुताचे कापड वापरायचे, परदेशी वस्तू घरात आणायची नाही. लोकमान्यांची स्वदेशीची चळवळ यायला अजून तेहेतीस वर्षे होती, गांधीजी तेव्हा तीन वर्षांचेही नव्हते. काका स्वतः सूत कातीत. चांगल्या चाललेल्या वकिलाने पहाटे चरख्यावर बसावे याची पुण्याने थट्टा केली नसेल असे मला तरी वाटत नाही. देशी मालाची दुकाने काढण्यासाठी त्यांनी पदरमोड केली. साबण, काड्यापेट्या, छत्र्या असल्या वस्तू इकडे व्हाव्यात म्हणून खटपट केली. धंदा म्हणून हे सारे फारसे जमले नाही. काका व्यापारी नव्हतेच.

त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंनी १८७१ मध्ये पुण्यात स्त्रीविचारवती सभा काढली. हळदीकुंकवाच्या निमित्ताने बायकांना एकत्र आणायचे, आणि तेही निरनिराळ्या जातींच्या बायकांना. याविषयी इतके थोडे वाचायला मिळते, की राग येतो. नवऱ्याच्या सभेचे ठराव, अहवाल, अर्ज असे कपाटभर कागद राहिले. बायकोच्या सभेचे एक वाक्य राहिले. ते मी वर लिहिले आहे.

काकांच्या आणखी एका उद्योगाने मला हसूही आले आणि आदरही वाटला. १८७५-७६ च्या सुमारास सभेने लवाद कोर्टे काढली. भांडणे सरकारी कोर्टात नेऊन स्टॅम्पाचा आणि वकिलाचा खर्च करण्यापेक्षा गावातल्या भल्या माणसांपुढे मिटवावीत, हा हेतू. हे काम पुढे रेटणारा माणूस स्वतः वकील होता! आपल्याच धंद्याचे गिऱ्हाईक तोडायला निघालेला असा वकील मी अजून पाहिलेला नाही.

मग १८७६ चा दुष्काळ आला. पाऊस गेला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर, विजापूर, सगळा दख्खन करपला. त्याच वेळी दिल्लीत लॉर्ड लिटन दरबाराची तयारी करीत होता. १ जानेवारी १८७७ रोजी राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर करायचे होते. राजेमहाराजे हिऱ्यामोत्यांनी मढून आले. सभेच्या वतीने काकाही दिल्लीला गेले, ते अंगावर पांढरे जाडेभरडे हातसुताचे कपडे घालून. सभेच्या मानपत्रात राणीचे अभिनंदन होते, आणि त्या अभिनंदनाच्या आड एक मागणी होती: राणीच्या इंग्लंडमधील प्रजेला जे राजकीय आणि सामाजिक स्थान आहे तेच हिंदुस्थानच्या प्रजेलाही असावे. आज हे मानपत्र वाचताना त्यातील राजनिष्ठेची भाषा घशाखाली उतरत नाही. माझ्या वर्गातील काही मित्रांचे मत तर असे, की ही सगळी मंडळी अर्जदार होती, लढवय्ये नव्हती. मलाही पूर्वी तसे वाटे. पण त्या झगमगाटात जाडेभरडे कापड नेसून उभे राहणे, हे मानपत्राच्या शब्दांहून कमी बोलके नव्हते.

दिल्लीत रोषणाई चालली असता इकडे दुष्काळी कामांवर माणसे खडी फोडीत होती. सरकारने सर रिचर्ड टेंपल यांना दुष्काळाची पाहणी करायला पाठवले. खर्च आवरायचा हा हुकूम होता. मोठ्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्य पुरे, या हिशेबाने मजुरी उतरवली गेली. एक पौंड म्हणजे अर्ध्या किलोपेक्षाही कमी. तेवढ्यावर दिवसभर दगड फोडायचे. मुंबई इलाख्यात हजारो मजूर या मजुरीवर काम करण्यापेक्षा कामे सोडून निघून गेले. त्याला संप म्हणावे की नाही हे अर्थशास्त्राच्या सरांना विचारायला हवे. पण उपाशी माणसाने कमी घास नाकारावा, याला मोठे धैर्य लागते.

या दिवसांत सभेने जे काम केले ते तिच्या साऱ्या आयुष्यातील श्रेष्ठ काम आहे असे माझे मत आहे, आणि ते अगदी रुक्ष काम होते. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांत आपली माणसे ठेवली. कोठे पाऊस झाला, कोठे पेरण्या गेल्या, बाजारात धान्याचा भाव काय, जनावरांचे काय झाले, किती घरे गाव सोडून गेली, कामावर मजुरी किती मिळते, कोणाला नाकारली जाते, ही माहिती गोळा होऊन पुण्यास येई. तिची पत्रे करून ती सरकारकडे धाडली जात, छापली जात. खाली चिटणीसाची सही असे. कलेक्टरचा अहवाल एक सांगे आणि सभेचे पत्र दुसरे. सरकारला प्रथमच असा कोणी भेटला, की जो नुसते वाईट चालले आहे असे म्हणत नव्हता, तर कोठे, किती आणि केव्हापासून हे सांगत होता. सरकार चिडले. लोकांना चिथावल्याचा वहीम सभेवर आला. पण पत्रे थांबली नाहीत. मजुरी उतरवण्याविरुद्ध सभेने जे लिहिले त्याला मजुरांनीच आधी बळ दिले होते, हे मात्र विसरून चालणार नाही.

येथे मला एक गाऱ्हाणे नोंदवले पाहिजे, आणि ते माझे नाही. जोतीराव फुले याच पुण्यात होते, काकांच्याच वयाचे. एका वर्षाने मोठे. १८७३ मध्ये त्यांनी सत्यशोधक समाज काढला. सार्वजनिक सभेवर त्यांनी कडक टीका केली. या सभेत शूद्र-अतिशूद्र शेतकरी कोठे आहे, भटाबामणांच्या बैठकीला सार्वजनिक म्हणायचे कशाला, असा त्यांचा रोख होता. हे बिनबुडाचे नव्हते. सभेचे सभासद बहुतेक ब्राह्मण, त्यांत सरदार, इनामदार, वकील, शिक्षक, पेन्शनर. मुखत्यारपत्रावर सही करणाराला आधी अक्षरे यावी लागतात, किंवा निदान सही मागणारा त्याच्या वाड्यावस्तीपर्यंत जावा लागतो. काकांचे पाय पुण्याच्या पेठांत फिरले, दुष्काळात गावोगावची खबर त्यांनी आणवली. पण महारवाड्यातून, मांगवाड्यातून पन्नास सह्या किंवा पन्नास अंगठे घेऊन कोणी सभासद झाला असे मला कोठे वाचायला मिळाले नाही. जोतीराव स्वतः १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि तेथे त्यांनी गोरगरिबांच्या बाजूने भांडण मांडले. काका आणि जोतीराव एकत्र आले असते तर, असा विचार मनात येतो. ते आले नाहीत. सहा हजार सह्यांची थोरवी सांगताना, ज्यांची सही कोणी मागितलीच नाही त्यांचा आकडा त्याहून फार मोठा होता हेही सांगितले पाहिजे.

१८७९ साल काकांच्या परीक्षेचे ठरले. वासुदेव बळवंत फडके हे लष्कराच्या हिशेबखात्यातील कारकून. रानड्यांच्या व्याख्यानांनी आणि स्वदेशीच्या विचाराने भारलेले. दुष्काळाने त्यांचे मन पेटले आणि अर्जांवरचा विश्वास उडाला. रामोशी, कोळी, धनगर यांना जमवून त्यांनी बंड उभारले. १८७९ च्या मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा यांना आगी लागल्या आणि साऱ्या शहरावर संशयाची छाया पडली. रानड्यांची बदली आधी नाशिकला आणि मग धुळ्याला झालीच होती. तीही याच संशयापायी, असे मानले जाते. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि पुण्यात त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला.

अशा वेळी त्यांचे वकीलपत्र कोण घेणार? जो घेईल त्याचे नाव पोलिसांच्या वहीत जाणार हे उघड होते. ते सार्वजनिक काकांनी घेतले. यातील कोंडी पाहा. काका आयुष्यभर ज्या मार्गाने चालले, सह्या, अर्ज, अहवाल, तो मार्ग फोल आहे असे म्हणूनच फडके डोंगरात गेले होते. फडके खरे ठरले तर काकांची दहा वर्षे वाया गेली असे होत होते. शिवाय सभेचे नाव बंडाशी जोडायला सरकार टपलेलेच होते. घरी बसून राहणे शहाणपणाचेच ठरले असते, आणि सभेच्या हितासाठी बसलो असे सांगताही आले असते. पण आरोपीला वकील मिळाला पाहिजे, ही गोष्ट काकांनी आपल्या मतांच्या आणि सभेच्या सोयीच्या वर ठेवली. फडक्यांना जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली, त्यांना एडनला नेले आणि १८८३ मध्ये तेथेच त्यांचा अंत झाला. खटला हरला गेला. काकांनी तो जिंकण्यासाठी घेतला होता असे मला वाटत नाही.

त्यानंतर वर्षही पुरे गेले नाही. २५ जुलै १८८० रोजी हृदयविकाराने काका वारले. वय बावन्न. सभा पुढे चालली. त्रैमासिक १८७८ पासून सुरू होतेच. १८८५ चे काँग्रेसचे पहिले अधिवेशन पुण्यातच भरायचे होते, पटकीची साथ आली म्हणून ते मुंबईस गेले. १८९५ मध्ये सभेचा ताबा टिळकपक्षाकडे गेला, रानडे-गोखले बाहेर पडले आणि त्यांनी डेक्कन सभा काढली. १८९६-९७ च्या दुष्काळात सभेची माणसे पुन्हा खेड्यापाड्यांत फिरली; वीस वर्षांपूर्वी काकांनी घालून दिलेली वाट त्यांच्या पायाखाली होती. सरकारने मग सभेची मान्यताच काढून घेतली.

सार्वजनिक हा शब्द आपण आज कशाला लावतो? सार्वजनिक नळ, सार्वजनिक शौचालय, सार्वजनिक मालमत्ता. म्हणजे जे कोणाचेच नाही, जे फुटले तरी कोणी विचारणार नाही, ते. गावाने त्या काळी एका माणसाला हे विशेषण लावले आणि पुढे काका हे नाते जोडले. सख्ख्या काकाला जसे हक्काने काम सांगतात, तसे सांगता यावे म्हणून असेल. त्यांचे खरे नाव परीक्षेपुरते उरले.

निबंधस्पर्धेत मी भाग घेतला नाही. लिहायला बसले की तीन शाईंची ती पेने दिसत. त्याऐवजी यंदाच्या दिवाळीच्या सुट्टीत मी नवा अर्ज केला आणि पहिल्या घरापासून पुन्हा सुरुवात केली. जुन्या अर्जात तुमची सही मी केली होती, हे आधी सांगायचे आणि मग नवा कागद पुढे करायचा, असा क्रम ठरवला. पहिल्या चार घरी जीभ टाळ्याला चिकटली. एका काकांनी कानउघाडणी केली आणि सही केली. एका वहिनींनी सही केली नाही; यांना विचारून सांगते म्हणाल्या, आणि अजून सांगितलेले नाही. दोन घरांत मला आत बोलावून गटार सोडून रेशनकार्डाचीच तक्रार सांगितली. आठ दिवसांत सदतीस सह्या झाल्या. एकसष्ट नाहीत, पन्नासही नाहीत.

कोपऱ्यावरच्या आजींकडे मी सर्वांत शेवटी गेले. अर्ज त्यांना सगळा वाचून दाखवला. त्यांनी एक कलम वाढवायला लावले: झाकणे बसवण्यापूर्वी घराघरांतील सांडपाण्याला नळी काढून द्यावी. मला ते सुचलेच नव्हते. कलम वाढवायचे म्हणजे आधी सही केलेल्या सदतीस जणांकडे पुन्हा जाणे आले. मी तसे म्हटले तर आजींना त्यात काही विशेष वाटले नाही. जा की, म्हणाल्या.

गेले. पस्तीस जण कबूल झाले, दोघे गावाला गेले होते. मग आजींनी शाईच्या पॅडवर अंगठा टेकवला, कागदावर नीट दाबला आणि उरलेली शाई दाराच्या चौकटीला पुसली. किती झाले, असे विचारले. छत्तीस, मी सांगितले. त्यांच्या मागच्या खोलीत एक भाडेकरू राहतो, गिरणीत कामाला जातो; तो रात्री आठनंतर भेटतो, असे त्यांनी सांगितले. मी घड्याळात पाहिले. पावणेआठ वाजले होते. आजींनी बसायला पाट दिला.